वेठबिगारांचा शोध : सर्वेक्षण व संशोधनाला सरकारी अर्थसाहाय्य

वेठबिगारीत अडकलेली माणसे कोठे आहेत, किती आहेत आणि कशामुळे अडकली, हे शोधण्यासाठी सरकार जो पैसा देते त्याचा व त्यातून झालेल्या पाहण्यांचा विचार या नोंदीत केला आहे. भारतात हा पैसा मुख्यतः केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या वेठबिगार पुनर्वसन योजनेतून येतो. योजनेतील मोठा वाटा सुटलेल्या मजुराच्या मदतीचा असतो. जिल्हा सर्वेक्षण, मूल्यमापन अभ्यास आणि जनजागृती यांच्यासाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे.

इतर सामाजिक पाहण्यांहून ही पाहणी निराळी असते. एखाद्या तालुक्यात किती घरांना नळ नाही हे मोजल्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही. वेठबिगार सापडला की मात्र जिल्हाधिकाऱ्यावर त्याची सुटका करण्याची, त्याला मुक्तीचा दाखला देण्याची आणि पुनर्वसनाची जबाबदारी पडते, तर मालकावर खटला भरावा लागतो. ‘आमच्या जिल्ह्यात वेठबिगार नाही’ असे आधी कळवलेले असेल तर नवा आकडा त्या अहवालालाच खोटे पाडतो. त्यामुळे मोजणीसाठी पैसा किती, याइतकाच मोजणी कोणाच्या हाती, हा प्रश्न मोलाचा आहे. गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव तेच सांगतो.

कायद्यातील व्याख्या

संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार, बिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी केली. प्रत्यक्ष कायदा यायला पाव शतक लागले. वेठबिगार पद्धत नष्ट करणारा अध्यादेश १९७५ च्या ऑक्टोबरात निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. २५ ऑक्टोबर १९७५ पासून तो लागू मानला जातो. देशाच्या निरनिराळ्या भागांत ही पद्धत ज्या नावांनी चाले ती नावेच या कायद्याने व्याख्येत नोंदवून ठेवली आहेत : हाली, कमिया, जीता, सागडी, वेट्टी, पलेरू, नित-मजूर अशी तीसेक. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्या बदल्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्याला ‘लग्नगडी’ म्हणत. तो एकटा राबत नसे, त्याची बायकोही त्याच कर्जात राबे.

कायद्याच्या दृष्टीने साखळदंड लागत नाही. मजुराने किंवा त्याच्या वाडवडिलांनी घेतलेल्या उचलीपायी त्याला मजुरीविना अथवा नाममात्र मजुरीवर राबावे लागत असेल, दुसरीकडे काम धरता येत नसेल किंवा गाव सोडून जाता येत नसेल, तर ती वेठबिगारी ठरते. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने मालकावर टाकली आहे. कलम १३ नुसार जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमायच्या असतात. कलम १४ ने त्यांना दिलेल्या कामांत सर्वेक्षणही येते. शोध घेणे हे त्यामुळे योजनेच्या मर्जीचे काम राहत नाही, कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य होते.

सिमिंग्टन यांची पाहणी

या प्रदेशात सरकारी खर्चाने झालेली अशी जुनी पाहणी म्हणजे मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींविषयीची. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रांतिक सरकारने सनदी अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्याकडे ती सोपवली. ठाण्याच्या जंगलपट्टीत लग्नाच्या कर्जातून माणूस कसा बांधला जातो, याची नोंद त्यांच्या अहवालात आहे. अहवाल छापून निघाला, पण वेठ थांबली नाही. ती मोडायला १९४५ मध्ये डहाणू, उंबरगाव, तलासरी भागात वारली उठले. त्यांच्यामागे किसान सभा होती, शामराव व गोदावरी परुळेकर होते. सरकारला ठाऊक झालेली गोष्ट आणि सरकारने केलेली गोष्ट यांतले अंतर तेव्हापासूनचे आहे.

१९७८ चे दोन आकडे

कायदा झाल्यावर देशात वेठबिगार किती, याची दोन उत्तरे जवळजवळ एकाच वेळी आली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ३२ व्या फेरीने (१९७७-७८) १६ राज्यांत ३.४३ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. गांधी शांती प्रतिष्ठान आणि सरकारी पैशावर चालणारी राष्ट्रीय श्रम संस्था यांनी मिळून केलेल्या पाहणीने अवघ्या १० राज्यांत २६.१७ लाख वेठबिगार दाखवले. दुसऱ्या पाहणीत राज्ये कमी असूनही आकडा साडेसातपट निघाला. तिच्यात उत्तर प्रदेशात साडेपाच लाख, मध्य प्रदेशात पाच लाख आणि महाराष्ट्रात एक लाख वेठबिगार होते.

राज्य सरकारांनी हे आकडे मानले नाहीत. केंद्राच्या यादीत महाराष्ट्राच्या नावापुढे पुढे कित्येक वर्षे ‘ओळख पटलेले वेठबिगार’ म्हणून १,४०४ एवढीच संख्या राहिली. अंदाजाचा आकडा आणि नावानिशी पटवलेली ओळख यांत फरक पडणारच, हे खरे. पण लाखाला चौदाशे हे प्रमाण नुसत्या गणिती फरकाने समजावून सांगता येत नाही. सरकारी चौकटीतला पाहणी करणारा घरी येऊन प्रश्न विचारतो, तेव्हा मजूर मालकाच्याच झोपडीत राहत असतो आणि मालक किंवा त्याचा माणूस बाजूला उभा असतो. ‘तुझ्यावर कर्ज आहे का?’ या प्रश्नाला तो ‘नाही’ म्हणतो. त्याच मजुराजवळ चार दिवस राहणाऱ्या कार्यकर्त्याला तो पोराच्या लग्नाची, आजारपणाची, मुकादमाच्या वहीची सगळी गोष्ट सांगतो.

न्यायालयाने करवलेले संशोधन

१९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने या कामाला नवी वाट दिली. हरियाणातील फरिदाबादजवळच्या दगडखाणींतील मजुरांची बाजू घेऊन बंधुआ मुक्ती मोर्चाने न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. वस्तुस्थिती पाहायला आधी दोन वकिलांना आयुक्त म्हणून खाणींवर पाठवले. मग दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे खाणमजुरांच्या स्थितीचा सामाजिक व कायदेशीर अभ्यास सोपवला. उलटतपासणी न झालेले असे अहवाल पुरावा होऊ शकत नाहीत, हा आक्षेप न्यायालयाने मानला नाही. ज्याच्यापाशी वकील नाही, कागद नाही, त्याची बाजू न्यायालयापुढे येण्याचा दुसरा मार्ग कोणता होता?

या खटल्यातील हरियाणा सरकारचा युक्तिवाद व्याख्येच्या अभ्यासकाने जरूर वाचावा. हे मजूर सक्तीने राबत असतील, पण म्हणून ते वेठबिगार ठरत नाहीत, असे राज्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या पीठाने १६ डिसेंबर १९८३ च्या निकालात ते फेटाळले. सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल आहे असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करायचे असेल तर मालकाने करावे, असे न्यायालयाने ठरवले. त्याआधी १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा कलम २३ खालची सक्ती ठरली होती. या दोन निकालांनुसार प्रामाणिकपणे मोजले, तर बहुतेक जिल्ह्यांचे शून्य टिकणार नाही.

योजनेतील तरतूद

केंद्राची पुनर्वसन योजना मे १९७८ मध्ये सुरू झाली. तेव्हा एका मजुरामागे ४,००० रुपये मिळत आणि त्यांतला निम्मा भार राज्याचा असे. ही मदत टप्प्याटप्प्याने वाढत २००० साली २०,००० वर गेली. त्याच वर्षीच्या बदलात संशोधनासाठी प्रथमच ठळक तरतूद झाली : वेठबिगारीच्या दृष्टीने संवेदनशील जिल्ह्याच्या सर्वेक्षणाला दोन लाख रुपये, शिवाय मूल्यमापन अभ्यास व जनजागृतीसाठी निधी, आणि तोही पूर्णपणे केंद्राचा. २०१६ च्या सुधारित योजनेत सर्वेक्षणाची रक्कम जिल्ह्यामागे साडेचार लाख झाली. हे सर्वेक्षण तीन वर्षांतून एकदा करायचे असते. मूल्यमापन अभ्यासाला एक लाख रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त पाच अभ्यास, अशी मर्यादा होती. पुनर्वसनाची मदत पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि लैंगिक शोषण, मानवी तस्करी यांसारख्या गंभीर प्रकरणांत तीन लाख अशी ठरली. जिल्हा पातळीवर किमान दहा लाखांचा पुनर्वसन निधी ठेवायचा आणि सुटकेनंतर लगेच द्यायची मदत त्यातून भागवायची. ही तातडीची मदत पुढे २०,००० वरून ३०,००० पर्यंत वाढवण्यात आली.

त्याच २०१६ साली केंद्र सरकारने २०३० पर्यंत १.८४ कोटी वेठबिगारांची ओळख, सुटका व पुनर्वसन करण्याचे उद्दिष्ट संसदेपुढे ठेवले. १९७८ पासून आजवर सरकारी खर्चाने पुनर्वसन झालेले मजूर तीन लाखांच्या आत आहेत. हे आकडे शेजारी ठेवले की साडेचार लाखांच्या सर्वेक्षणाकडून केवढी अपेक्षा आहे ते कळते.

ही रक्कम किती पुरते? जिल्हाभर पसरलेल्या वीटभट्ट्या, कोळसाभट्ट्या, खाणी, गुऱ्हाळे, मेंढपाळांचे तळ आणि स्थलांतरितांची गावे एवढ्यात धड पालथी घालता येत नाहीत. प्रशिक्षण, प्रवास, मजुराची भाषा जाणणारी माणसे, सगळे त्यातच बसवायचे. खरी अडचण तरीही ऋतूची आहे. ठाणे, पालघर, रायगडातील कातकरी दिवाळीच्या सुमारास भट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडाशी परततात. बीड, नगर भागातील ऊसतोड्यांच्या टोळ्या दसरा-दिवाळीला उचल फेडायला निघतात. जोडप्याला मिळून ‘कोयता’ म्हणतात आणि उचलही कोयत्यावर ठरते. हंगामात गावात सर्वेक्षण केले तर वाड्या रिकाम्या सापडतात, पावसाळ्यात भट्टीवर केले तर तिथे फक्त राख असते. म्हणून एका जिल्ह्याला एक सर्वेक्षण हा हिशेबच अपुरा आहे. जिथून माणसे जातात आणि जिथे जातात अशा दोन्ही टोकांना, हंगामात आणि हंगामाबाहेर पाहणी हवी. ती दोन जिल्ह्यांनी, पुष्कळदा दोन राज्यांनी मिळून केली पाहिजे. हंगाम संपताना मुकादम हिशेब करतो तेव्हा विचारले, तर उचल फिटली की पुढच्या वर्षावर गेली ते मजूर नेमके सांगू शकतो.

सरकारने मनावर घेतले तर माणसे मोजता येतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ स्त्रियांची माहिती मिळवली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. ती पाहणी आरोग्याची होती, वेठबिगारीची नव्हती. पण ऐंशी हजार ऊसतोड स्त्रियांपर्यंत सरकार पोहोचू शकते, तर त्यांच्या उचलीची चौकशीही होऊ शकते.

मोजण्याच्या पद्धती आणि परदेशांतील निधी

लपलेल्या माणसांची संख्या काढायला नेहमीची घरोघरची नमुना पाहणी पुरत नाही. त्यामुळे दोन मार्ग अधिक वापरले जातात. पहिल्यात एका मजुराला ओळखीच्या दुसऱ्या मजुरापर्यंत नेण्यास सांगतात आणि ही साखळी वाढवत नेतात. कोणाच्या किती ओळखी आहेत हे धरून मग आकडा दुरुस्त करतात. दुसऱ्यात पोलीस, संस्था, स्थानिक प्रशासन यांच्या याद्या जुळवतात. तीच नावे किती याद्यांत आली, यावरून कोणत्याच यादीत न आलेल्यांचा अंदाज बांधतात. ब्रिटिश गृहखात्यासाठी बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी २०१४ मध्ये याच मार्गाने त्या देशातील आधुनिक गुलामगिरीच्या बळींचा दहा ते तेरा हजारांचा अंदाज मांडला. आपल्याकडे हा दुसरा मार्ग लगेच चालण्याजोगा नाही, कारण जुळवायला याद्याच नाहीत. पहिला मात्र टोळी आणि वाडीच्या नात्यांवर बांधलेल्या समाजात नीट बसतो. सक्तीची मजुरी मोजताना काय धरावे, याची मार्गदर्शक तत्त्वे श्रम सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१८ मध्ये मान्य केली.

ब्रिटनने २०१९ मध्ये सार्वजनिक संशोधन निधीतून एक कोटी पौंड देऊन या विषयाचे स्वतंत्र धोरण व पुरावा केंद्र उभारले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या निधीतून जॉर्जिया विद्यापीठाने पाकिस्तान, ब्राझील, टांझानिया आदी देशांत वेगवेगळ्या मोजणी-पद्धती एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम चालवले. परक्या सरकारच्या पैशाचा भरवसा किती, ते मार्च २०२५ मध्ये दिसले. अमेरिकेच्या श्रम खात्याने बालमजुरी व सक्तीच्या मजुरीविरुद्धची परदेशांतील अनुदाने एकगठ्ठा रद्द केली. स्वतःच्या कायद्याने बांधलेल्या सरकारने स्वतःच्या मजुरांसाठी ठेवलेला निधी छोटा असला तरी त्याचा जाब इथल्या विधिमंडळात आणि न्यायालयात विचारता येतो.

सर्वेक्षणाबाहेर सापडलेली मुले

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला. ती मेंढपाळाकडे कामाला ठेवलेली होती. त्यानंतर चौकशी सुरू झाली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात नगर-नाशिक भागातील मेंढपाळांकडे दिलेली आणखी कातकरी मुले त्यात सापडली. त्यांच्यापर्यंत पोहोचवले ते त्या मुलीच्या मृत्यूने. कातकरी ही केंद्राने विशेष दुर्बल मानलेल्या महाराष्ट्रातील तीन आदिवासी जमातींपैकी एक आहे. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन.