वेचणी झाली की बघू

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत डोळे तपासणीच्या शिबिरात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "वेचणी चालू आहे जी, आटोपली की बघू." नाहीतर, "मोतीबिंदू अजून पिकला नाही." म्हातारी बोंडं चाचपून कापूस वेचते, सुनेला आवाजावरून ओळखते, तरी थांबते. इथल्या डोळ्यांच्या सर्जनची निम्मी कारकीर्द हे थांबणं मोडण्यात जाते, आणि मला ते शस्त्रक्रियेइतकंच मोठं काम वाटतं.

थांबण्याला एके काळी कारण होतं. डोळ्यातलं भिंग पाणी आणि प्रथिनांचं असतं. त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपल्या जन्माआधी तयार होतात, ती पुन्हा कधी बदलली जात नाहीत. वय, ऊन, मधुमेह, तंबाखूचा धूर यांनी त्यांच्या गुठळ्या होतात, प्रकाश विखुरतो, हाच मोतीबिंदू; कुठल्याही थेंबांनी त्या विरघळत नाहीत. पूर्वी भिंग आवरणासकट काढून टाकत आणि १० नंबरचा जाड चष्मा देत. त्यातून सगळं पाव पटीने मोठं दिसे, पायरी कुठे आहे ते कळत नसे. म्हणून डॉक्टरच सांगत, पिकू द्या.

१९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे घुसूनही डोळा बिथरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या भिंगामुळे जाड चष्मा गेला, म्हणून आज थांबण्यात फक्त तोटा आहे. गाभा कडक होतो. फार पिकलेल्या भिंगातून प्रथिनं पाझरतात, डोळ्यातला दाब चढतो, ठणका लागतो. त्यात डोळ्याची नस मेली की शस्त्रक्रियेने नजर परत येत नाही.

असे उशिरा आलेले डोळे ग्रामीण भागात फार. त्यांच्यासाठी बिनटाक्यांची पद्धत आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात, त्यातून चिंचोक्यासारखा तपकिरी झालेला गाभा अलगद बाहेर येतो. मागे राहतं ते पारदर्शक आवरण, काही मायक्रॉन जाडीचं. ते फाटू न देता त्यात नवं भिंग बसवायचं. बोगदा डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटतो. महागडं यंत्र लागत नाही, हात मात्र तयार लागतो.

नागपूरच्या डॉ. विकास महात्मे यांनी मेळघाट, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत हे काम नेलं. २०१० साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण डॉक्टरची माया मला मोजमापात जास्त दिसते. डोळ्याची लांबी साधारण २३ मिलिमीटर. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर जवळपास तीन नंबरचा चष्मा लागतो. रांग कितीही लांब असो, प्रत्येक डोळा मोजून त्याच नंबरचं भिंग घालणं, ही गरिबाची खरी कदर. शिबिरात फक्त तपासणी आणि शस्त्रक्रिया मात्र निर्जंतुक थिएटरमध्येच, हा आग्रहही त्यातलाच.

चांगला डॉक्टर घरी सोडताना विचारतो, थेंब कोण टाकणार? महिनाभर ते टाकावे लागतात, धूळ आणि कापसाचे तंतू टाळावे लागतात. डोळा लाल झाला, ठणकला किंवा दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात यायचं, वेचणी चालू असली तरी.