न्यूझीलंडमध्ये मोटरहोमने लांबचा प्रवास: व्हिसा, परवाना आणि गाडीची कागदपत्रे कोणत्या क्रमाने करावीत

न्यूझीलंडला मोटरहोमने तीन-चार महिने फिरायचे ठरले की घरात सगळ्यात आधी गाडीचीच चर्चा सुरू होते. किती जण झोपतील, स्वयंपाकाचा ओटा केवढा, भाडे किती. कागदपत्रांच्या दृष्टीने मात्र गाडी बरीच नंतर येते. तिथे किती दिवस राहायचे हे आधी पक्के करा, कारण व्हिसाचा प्रकार, वैद्यकीय तपासणी, दाखवायची रक्कम आणि रजेचे पत्र हे सगळे त्या एका आकड्यावर अवलंबून असते.

व्हिसा कोणाला, किती काळाचा

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर व्हिसा मिळत नाही. इमिग्रेशन न्यूझीलंडच्या संकेतस्थळावर व्हिजिटर व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि तो हातात आल्यावरच निघता येते. अनेकदा ये-जा करता येईल अशा व्हिसावर साधारण ६ महिने राहता येते, तर एकाच प्रवेशाच्या व्हिसावर जास्तीत जास्त ९ महिने. अर्जासोबत प्रत्येकी १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक कर भरावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी तो ३५ डॉलर होता, त्यामुळे जुन्या माहितीवरून खर्चाचा अंदाज बांधू नका.

अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिक झालेले भाऊ-बहीण सोबत येणार असतील तर त्यांची वाट वेगळी आहे. त्यांना व्हिसा लागत नाही, निघण्यापूर्वी एनझेडईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. मात्र अमेरिकी नागरिकाला त्यावर ३ महिने राहता येते आणि ब्रिटिश नागरिकाला ६ महिने. सगळ्यांनी मिळून चार महिन्यांचा बेत आखला असेल, तर हा फरक तिकिटे काढण्यापूर्वी लक्षात घ्या.

६ महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर भारतातून जाणाऱ्याला क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे द्यावा लागतो. तो इमिग्रेशन न्यूझीलंडने नेमलेल्या डॉक्टरांकडेच काढायचा असतो, घराजवळच्या लॅबमधला चालत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की उत्तर आणि दक्षिण ही दोन्ही बेटे नीट बघायला साडेपाच महिने भरपूर झाले. केवळ हौस म्हणून सात महिने लिहू नका.

पैसे आणि पुरावे

खर्चासाठी प्रत्येकी दरमहा १,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४०० पुरतात. मोटरहोमचे भाडे म्हणजेच राहण्याचा खर्च, असे समजून ४०० वर विसंबणे मला पटत नाही, कारण कॅम्पसाइटचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि गाडीचे आरक्षण बहुधा रद्द करता येण्यासारखे असते. दोघांनी चार महिन्यांसाठी ८,००० डॉलर दाखवावेत, शिवाय परतीचे तिकीट किंवा त्यापुरते पैसे. रक्कम खात्यात हळूहळू जमलेली दिसू द्या. अर्जाच्या आधल्या आठवड्यात एकदम आलेले चार-पाच लाख कुठून आले, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालू हवा. बाकी कागद ओळखीचेच: बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे, नोकरी असेल तर रजा मंजूर झाल्याचे पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद, धंदा असेल तर त्याची नोंदणी. रजेच्या पत्रातल्या तारखा आणि अर्जातला मुक्काम तंतोतंत जुळायला हवा. पत्र ६० दिवसांचे आणि बेत १२० दिवसांचा असेल तर बाकीची फाइल कितीही जाड असो, उपयोग नाही.

इथे आपल्याकडच्या लोकांची खास अडचण येते. शेती किंवा गावचे घर दाखवायला आपण सातबारा, आठ अ, ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा जोडतो, आणि हे सगळे मराठीत असते. २६ मे २०२५ पासून व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातल्या इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते स्वतः अर्जदाराने, घरच्यांनी किंवा अर्ज भरून देणाऱ्या सल्लागाराने केलेले चालत नाही. इंग्रजीच्या प्राध्यापक असलेल्या सुनेने केले तरी नाही. व्यावसायिक भाषांतरकाराकडून करून घ्या आणि त्याचा शिक्का-सही मूळ कागदाच्या प्रतीसोबतच अपलोड करा. गरज नसलेले मराठी कागद जोडूच नका. तीन चांगले पुरावे पुरेसे असतात.

ऑकलंडला किंवा वेलिंग्टनला मुलगा-मुलगी राहत असेल आणि ते खर्चाची हमी घेणार असतील तर त्यासाठी आयएनझेड १०२५ हा प्रायोजकाचा फॉर्म आहे. हमी देणारी व्यक्ती तिथली नागरिक किंवा रहिवासी (रेसिडेंट) व्हिसा असलेली असावी लागते.

मुक्कामाचा पत्ता काय लिहायचा?

हॉटेलची आरक्षणे नसलेला चार महिन्यांचा प्रवास कागदावर पोकळ दिसू शकतो. म्हणून एक पानी मार्गपत्रक करा. ऑकलंडला गाडी ताब्यात घेणार, कोरोमंडल, रोटोरुआ, टाउपो करत वेलिंग्टन, तिथून फेरीने पिक्टन, मग पश्चिम किनाऱ्याने क्वीन्सटाउन आणि शेवटी क्राइस्टचर्चला गाडी परत. प्रत्येक टप्प्याचे आठवडे लिहा. पहिल्या दोन-तीन रात्रींचे हॉटेल घ्या, म्हणजे विमानातून उतरल्या उतरल्या जागरणाच्या अंगाने कोणी स्टिअरिंगवर बसणार नाही. गाडीचे आरक्षण पैसे परत मिळतील असेच करा आणि त्याची प्रत जोडा. व्हिसा येईपर्यंत परत न मिळणारा रुपयाही कुठे भरू नका.

लॅपटॉप घेऊन नोकरी चालू ठेवणाऱ्यांसाठी चांगली बातमी आहे. २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशातल्या कंपनीचे काम दूरस्थपणे करता येते. तिथल्या मालकाकडे काम करता येत नाही. ९० दिवसांपुढे असे काम करणार असाल तर तिथल्या कराचा प्रश्न आधी समजून घ्या.

वाहन परवाना

परदेशी परवान्यावर न्यूझीलंडमध्ये १८ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. परवाना इंग्रजीत नसेल तर मान्य भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. महाराष्ट्राचे स्मार्ट कार्ड इंग्रजीत असते, पण मी आंतरराष्ट्रीय परवाना काढायलाच सांगेन. भाड्याच्या कंपनीची आणि विम्याची अट वेगळी असू शकते आणि काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

अर्ज सारथी पोर्टलवरून आपल्या आरटीओकडे करायचा. फॉर्म ४अ, मूळ परवाना, पासपोर्ट, व्हिसाची प्रत, फोटो आणि १,००० रुपये शुल्क. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, तीही मूळ परवाना तोपर्यंत चालू असेल तरच. म्हणून मूळ परवाना संपत आला असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करा. पासपोर्टवरचे आणि परवान्यावरचे नाव पडताळून बघा. लग्नानंतर एकावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव राहिलेले असते, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असते. हे इथेच दुरुस्त करून घ्या. तिथे गाडी चालवताना परवाना जवळ बाळगणे बंधनकारक आहे, तेव्हा मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर भिस्त नको, मूळ कार्डच न्या.

साध्या कारच्या परवान्यावर तिथे ६,००० किलोपर्यंतचे वाहन चालते, त्यामुळे भाड्याच्या मोटरहोमसाठी सहसा वेगळा परवाना लागत नाही. वजन ३,५०० किलोपेक्षा जास्त असेल तर शहराबाहेरच्या रस्त्यावर वेगमर्यादा १०० ऐवजी ९० किलोमीटर होते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. किमान दोन चालकांची नावे करारात घाला.

गाडी निवडताना हिरवे प्रमाणपत्र

रस्त्याकडेला किंवा तळ्याकाठी फुकट मुक्काम, ज्याला तिथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात, त्याचे नियम २०२३ च्या कायद्याने बदलले. स्थानिक परिषदेच्या जागेवर असे राहायचे असेल तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र हवे, परिषदेने तशी सूट दिलेली जागा सोडून. त्यासाठी गाडीत कायमचे बसवलेले शौचालय लागते, आणि पलंग अंथरलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. सुटा उचलून ठेवायचा कमोड आता चालत नाही. तीन दिवस पुरेल एवढे पिण्याचे पाणी आणि तेवढ्या दिवसांचे सांडपाणी साठवण्याची सोयही लागते. भाड्याच्या गाड्यांना ७ डिसेंबर २०२४ पासून जुन्या नियमांचा निळा शिक्का चालत नाही, नव्या प्रमाणपत्राचा हिरवाच हवा.

त्या हिरव्या पत्रकावर किती माणसांसाठी गाडी प्रमाणित आहे तेही लिहिलेले असते. चौघे जात असाल आणि पत्रकावर दोन असेल तर फुकट मुक्काम नियमबाह्य ठरतो आणि दंड होतो. आरक्षण करतानाच हा आकडा लेखी विचारा. भाडे थोडे कमी म्हणून शौचालय नसलेली व्हॅन घेतली तर रोज रात्री कॅम्पसाइटचे पैसे द्यावे लागतील. शिवाय भाड्याच्या करारात मनाई असलेले रस्ते वाचा: क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि नाइन्टी माइल बीच बहुतेक कंपन्या वगळतात, तिथे नुकसान झाले तर विमा मिळत नाही. ७ वर्षांखालच्या मुलासाठी योग्य आसन कायद्याने बंधनकारक आहे. मूल सोबत असेल तर ते आसन नेमके कोणत्या सीटवर बसते तेही विचारा.

अपघातातील दुखापतीच्या उपचाराचा खर्च तिथली एसीसी ही सरकारी अपघात-भरपाई योजना पर्यटकांसाठीही बऱ्याच अंशी उचलते, आजारपणाचा नाही. रक्तदाब-मधुमेह असलेल्यांनी प्रवासविमा आधीच्या आजारांसह घ्यावा.

निघण्याच्या आदल्या दिवशी

विमानाने जाणाऱ्याने न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन हे प्रवेशाचे घोषणापत्र प्रवास सुरू होण्याच्या आधीच्या २४ तासांत ऑनलाइन भरायचे. ते मोफत आहे, पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर बंद करा. स्वयंपाक गाडीतच करायचा म्हणून गोडा मसाला, मेतकूट, लोणचे, लाडू बॅगेत भरले जातातच. ते नेणे हा गुन्हा नाही, न सांगणे हा आहे. खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, काय आत जाऊ द्यायचे ते अधिकारी बघतील. मध मात्र घेऊच नका, तो नेता येत नाही. विमानात मिळालेले सफरचंद पर्समध्ये राहिले तरी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. ट्रेकिंगचे बूट आणि तंबूही जाहीर करायच्या यादीत येतात. सह्याद्रीची माती त्यांच्या तळव्यांत राहिली असेल तर घरीच ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग बॅगेत सगळ्यात वर ठेवा, म्हणजे तपासणीत सामान उपसावे लागणार नाही.