मादी पिकते, पण अंडी सुटत नाहीत

आषाढात नाशिकजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रावर रोहूची एक मादी बघितली होती. विणण्यासाठीची दोन्ही इंजेक्शनं झालेली, पोट टम्म. शेजारच्या हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, दुसरीनं पहाटेच अंडी टाकली होती. हिचं पोट हलक्या हातानं कितीदा चोळलं, तरी एक दाणा बाहेर येईना. ती मादी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे, पुराच्या पाण्यात विणणारे. तळ्याच्या साचल्या पाण्यात त्यांची गाभोळी भरते, पण अंडी सुटत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी खलून तिचा अर्क टोचला आणि या माशांना तळ्यात विणायला लावलं. गोड्या पाण्यातल्या आपल्या मत्स्यशेतीत याहून मोठा दिवस मला दिसत नाही.

त्या अर्कानं अंडाशयात नेमकं काय घडतं, ते उलगडायला पुढची कित्येक वर्षं गेली. 1985मध्ये जपानच्या नागाहामा आणि आदाची यांनी अमागो साल्मनमध्ये अंडं पिकवणारं संप्रेरक ओळखलं. पण पिकणं वेगळं, सुटणं वेगळं. पिकलेलं अंडं पेशींच्या घट्ट पिशवीत, पुटकात, गुंडाळलेलं असतं. ती एका बाजूनं फाटली तरच अंडं मोकळं होतं. हेच अंडमोचन.

ती पिशवी फाडायला कोणती जनुकं जागी होतात? जनुक कामाला लागलं की त्याच्या आरएनए प्रती वाढतात. तेव्हा अंडमोचनाच्या आधीचं आणि त्या वेळचं अंडाशय घ्यायचं, प्रती ताडून बघायच्या आणि वाढलेल्या तेवढ्या वेचायच्या. 1999मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक गेट्झ यांच्या गटानं पर्च माशात हेच केलं. जपानी भातखाचरांतला इवलासा मेडाका तर या कामासाठीच जन्मल्यासारखा: रोज ठरल्या वेळी अंडी देतो, त्यामुळे कोणत्या तासाला काय चालू आहे ते नेमकं कळतं. 2005मध्ये त्याच्यातच पुटकाची भिंत विरघळवणारी विकरं सापडली.

मला सर्वांत पटलेला पुरावा 2015चा. अंडं पिकवणारं ते संप्रेरक प्रोजेस्टिन गटातलं. झेब्राफिश या लहान माशातून प्रोजेस्टिनचा केंद्रकातला ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप घेणारं प्रथिन, बनवणारं जनुक काढून टाकलं, तेव्हा माद्यांची अंडी पिकली, पण पुटकातच अडकून राहिली.

त्या रोहूचंही असंच झालं होतं का, हे नुसतं पोट चोळून कळत नाही. त्यासाठी बारीक नळीनं चार अंडी काढून, पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागतात. केंद्रक मधोमध असेल तर अंडं पिकलेलंच नाही. ते कडेला सरकून विरून गेलं असेल, तर अडलंय ते पिशवी फाटण्यापाशी.