स्टेअरिंग बॉक्सचा मधला दात

जुन्या मारुती जिप्सीच्या स्टेअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टेअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीवर, वरच्या झाकणात, एक स्क्रू आणि त्याला अडवून धरणारा लॉकनट असतो. स्टेअरिंग सैल लागू लागले की हा स्क्रू पाव फेरा आवळायचा आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, अशी अनेक गॅरेजांची रीत आहे. पावसाळ्यात चोरल आणि पाताळपाणीच्या चिखलवाटांवर गाड्या घालणाऱ्या इंदूरकर मंडळींचाही या पाव फेऱ्यावर गाढ विश्वास असतो. खेळ, म्हणजे चाके न वळवता स्टेअरिंग जेवढे रिकामे फिरते ती ढील, कमी झाल्यासारखा वाटतो हे खरे, परंतु झिजलेल्या बॉक्समध्ये हा उपाय दोष नाहीसा करीत नाही, तो फक्त दुसरीकडे ढकलतो. असे का होते, हे आतील रचना पाहिल्याशिवाय कळत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ व्या नियमाप्रमाणे स्टेअरिंग व्हीलवरील खेळ ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा उदारच म्हणावी लागेल. बॉक्सचे गुणोत्तर १८ ला १ धरले, म्हणजे स्टेअरिंग १८ अंश फिरल्यावर चाके १ अंश वळतात असे मानले, तर खेळाच्या निम्म्या भागात, म्हणजे १५ अंशांत, पुढची चाके स्टेअरिंग न हलताही सुमारे ०.८ अंशाने वळू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी आखूड गाडी तेवढ्या वळणावर एका सेकंदात जवळजवळ ८० सेंटीमीटर बाजूला सरकते. इंदूरजवळच्या भेरूघाटात समोरून ट्रक येत असताना एवढे अंतर फार होते.

खेळ बॉक्समध्येच आहे, असे मात्र आधीच गृहीत धरू नये. बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या साखळीतील टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे सांधे, किंग पिन, व्हील बेअरिंग, यांपैकी काहीही सैल असले तरी हाताला तेच जाणवते. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे किंचित हलवावे आणि दुसऱ्याने खाली वाकून ड्रॉप आर्मकडे, म्हणजे बॉक्समधून बाहेर येऊन पुढचे दांडे हलवणाऱ्या हाताकडे, पाहावे. स्टेअरिंग हलते आणि आर्म हलत नाही, तरच दोषी बॉक्स. आर्म लगेच हलतो आणि चाक मागाहून हलते, तर बॉक्सला हातही लावू नये.

आता आतील रचना. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक वर्म असतो, म्हणजे सर्पिल खाच कोरलेला जाड स्क्रू. त्यावर एक लांबट नट चढवलेला असतो आणि त्याच्या आतही तशीच खाच असते. दोन्ही खाचा मिळून जो बोगदा होतो, त्यात पोलादी गोळ्या भरलेल्या असतात. स्टेअरिंग फिरवले की गोळ्या बोगद्यातून लोळत पुढे जातात आणि नटाच्या बाहेरून वळवलेल्या नळीतून पुन्हा आरंभस्थानी येतात, रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारख्या. पोलादावर पोलाद घसरताना, वंगण असूनही, घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो, तर लोळताना तो त्याच्या शतांशाजवळ येतो. महायुद्धकालीन विलीज जीपच्या रॉस बॉक्समध्ये गोळ्या नव्हत्या, तिथे निमुळत्या खुंट्या खाचेत घसरत असत आणि त्यामुळे हात लवकर भरून येत.

नटाच्या एका बाजूला दाते कोरलेले असतात आणि त्यांत सेक्टर शाफ्टचे, म्हणजे दातचाकाचा एक तुकडा अंगावर असलेल्या आडव्या-उभ्या न सरकता फिरणाऱ्या दांड्याचे, दाते गुंततात. याच शाफ्टच्या खालच्या टोकाला ड्रॉप आर्म बसतो. मला या सगळ्या यंत्रात सर्वांत मोहक वाटते ती सेक्टरच्या मधल्या दाताची गोष्ट. हे दाते शाफ्टच्या लांबीच्या दिशेने किंचित निमुळते असतात, म्हणून वरचा स्क्रू आवळला की शाफ्ट खाली सरकतो आणि दाते एकमेकांत अधिक घट्ट बसतात. शिवाय जुळणी मुद्दामच असमान ठेवलेली असते: चाके सरळ असताना फट शून्य, आणि दोन्ही बाजूंना वळत जाताना ती हळूहळू वाढते. सरळ रस्त्यावर गाडी भरकटू नये म्हणून मध्यभागी घट्टपणा हवा आणि वळणावर थोडी ढील चालते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक दूरदृष्टीचे आहे. गाडी बहुतांश काळ सरळच धावते, त्यामुळे झीज मधल्या दाताचीच होते. त्याला आरंभीच जास्त मांस दिले, की झिजल्यावर स्क्रू आवळून फट बुजवता येते आणि तरीही बाजूचे दाते अडकत नाहीत.

या राखीव मांसाला अर्थातच अंत आहे. ते संपल्यानंतर मधला खेळ काढण्यासाठी स्क्रू आवळला, तर मध्यभागी सर्व ठीक वाटते, पण न झिजलेले बाजूचे दाते एकमेकांत रुतून बसतात. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ व्हायचे, ते होईनासे होते. कॅस्टर कोनामुळे, म्हणजे चाके ज्या अक्षाभोवती वळतात त्याला मागे दिलेल्या कलामुळे, चाके सरळ होऊ पाहतात, मात्र आवळलेले दाते त्यांना सोडत नाहीत. सैल स्टेअरिंगपेक्षा हे अधिक घातक होय.

गोळ्यांचीही एक व्यथा आहे. गोळी आणि खाच यांचा स्पर्श अतिशय लहान भागात होतो. ज्यांच्या नावाने आपण वारंवारता मोजतो त्या हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकारंभी दाखवून दिले की अशा स्पर्शातील दाब भाराच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दगडावरून बसलेला हिसका आठपट असला तरी दाब दुप्पटच होतो. असे असूनही काही हिसके पोलादाची मर्यादा ओलांडतात आणि खाचेत कायमचे खड्डे उमटतात. स्वीडिश अभियंते ब्रिनेल यांनी १९०० मध्ये गोळी दाबून काठिण्य मोजण्याची पद्धत मांडली, त्यांच्याच नावाने हे खड्डे ओळखले जातात. तेही नेमके सरळ स्थितीतच पडतात. मध्यावर स्टेअरिंग ‘कट’ करून अडखळत असेल, तर वर्म आणि नट यांची जोडीच बदलावी लागते. लेथवर खाच साफ करून घेतली की वरचा पातळ कठीण थर निघून जातो, आणि वेल्डिंगने भरलेला सेक्टरचा दात उष्णतेने ठिसूळ होऊन कधीतरी तुटतो.

दसऱ्याला गाडीची पूजा करून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांशी माझे भांडण नाही, पण पूजा करताना बॉक्समधील तेलाची पातळी पाहणारे विरळाच. ‘स्टेअरिंग नव्यासारखे’ करून देणारी बाटलीतील रसायने आणि थरथर थांबवण्यासाठी सांगितला जाणारा स्टेअरिंग डँपर, म्हणजे हिसके शोषणारा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, यांचेही त्या पाव फेऱ्यासारखेच. डँपर थरथर झाकतो, तिचे कारण तसेच राहते.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नये. ड्रॉप आर्म हातोड्याने ठोकून न काढता पुलरने ओढावा आणि स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकावरील खाचांवर, आधी खूण करावी. नट उघडताना गोळ्या ओघळतात, त्या मोजून ठेवाव्यात. नव्या घालताना सर्व एकाच मापाच्या असाव्यात, कारण एखादी मोठी निघाली तर सारा भार तीच घेते. आधी सेक्टरचा स्क्रू ढिला ठेवून वर्मची बेअरिंगे लावावीत, त्यानंतर या टोकापासून त्या टोकापर्यंतचे फेरे मोजून निम्मे उलटे फिरवावेत आणि त्या मध्यावरच सेक्टरचा स्क्रू आवळावा. तेथे हाताला किंचित जडपणाचा चढ जाणवला पाहिजे आणि बाजूंना तो विरला पाहिजे. ऑइल सील व बुश त्याच वेळी बदलावेत. तेलाऐवजी ग्रीस भरू नये, दाते ते बाजूला सारतात आणि ते परत येत नाही. माळव्याची काळी माती खरवडून बॉक्सच्या बोल्टांभोवतीची चेसीस नीट पाहावी, मोठे टायर घातलेल्या गाड्यांत तिथे चीर सापडते. शेवटी पुढची चाके जॅकवर उचलून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावे. चाक अ‍ॅक्सलवरच्या स्टॉपरला टेकून थांबले पाहिजे. ते त्याआधीच बॉक्सच्या आत अडत असेल, तर नट आतल्या टोकावर आदळून गोळ्यांची नळी चेपते. अशा वेळी स्टॉपरचा बोल्ट फिरवून तेवढा लांब करावा लागतो, म्हणजे चाक आधी त्याला टेकते.