अबोली : गोव्यातील लागवड आणि निगा

अबोली हे अडुळसा व कोरांटी यांच्या कुळातले, म्हणजे ॲकँथेसी कुळातले, सदाहरित आणि बहुवर्षायू लहान झुडूप. शास्त्रीय नाव क्रॉसँड्रा इन्फंडिबुलिफॉर्मिस. ते मूळचे दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले. कोकणीत त्याला आबोली, तर कन्नड, तमिळ आणि तेलुगूत कनकांबर किंवा कनकांबरम म्हणतात. गोव्यात तुळशी वृंदावनाच्या आसपास, राजांगणात, विहिरीच्या कठड्याशी किंवा बल्कावावरच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावरच्या, कुंडीत अबोलीचे एखादे तरी झाड असतेच. मराठीत ‘अबोली’ हे रंगाचेही नाव आहे. केशरी आणि गुलाबी यांच्या मधली ती फिकट छटा दुसऱ्या कुठल्या शब्दाने नेमकी सांगता येत नाही. सह्याद्रीच्या जंगलात आढळणाऱ्या दशमुळीलाही काही जण ‘रान अबोली’ म्हणतात. ती याच कुळातली असली तरी झाड वेगळे. तिची फुले निळी उमलतात आणि जुनी होताना तांबूस होतात.

झुडूप साधारण हात-दीड हात उंच वाढते, जुने झाल्यावर कमरेपर्यंत जाते. पाने गडद हिरवी, कडेला किंचित लहरी आणि मुळातच चकचकीत असतात. त्यांना तेलाचे बोट लावणारे हौशी लोक उगीच कष्ट घेतात. पानांच्या बगलेतून लांब दांड्यावर हिरव्या छदांचे, म्हणजे फुलाखालच्या पानासारख्या खवल्यांचे, चौकोनी कणीस वर येते आणि त्यातून फुले खालून वर अशी थोडी थोडी उमलत जातात. एक कणीस पुरते फुलून संपायला दोन ते तीन आठवडे लागतात. फुलाची घडण चमत्कारिक आहे. खाली बारीक लांब नळी, आणि वर पाचही पाकळ्या एकाच बाजूला पसरलेल्या, अर्ध्या उघडलेल्या पंख्यासारख्या. जातीच्या नावातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘नरसाळ्याच्या आकाराची’; प्रजातीचे नाव परागकोशांच्या झालरीवरून ग्रीक भाषेतून आले आहे.

या फुलाला वास नाही. पूजाविधीच्या परंपरेत निर्गंध फुले देवाला वर्ज्य सांगितली जातात, पण गोव्यातल्या बायकांनी हा नियम अबोलीपुरता कधी मनावर घेतलेला दिसत नाही. फोंडा तालुक्यातल्या देवळांबाहेर फुलकारणींच्या टोपल्यांत अबोलीची फाती असते आणि ती देवीलाही वाहिली जाते. फाती म्हणजे केसांत माळायचा गुंफलेला सर. सुरंगीच्या सराला वळेसर म्हणायचे आणि अबोलीची मात्र फाती, असा शब्दांचा भेद जुन्या बायका अजून पाळतात. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते आणि तो मान जाईचाच. पण रोजच्या माळण्यात, बायका दिवे घेऊन देवळात जातात त्या दिवजोत्सवात, धालो या बायकांच्या नाचाच्या आणि फुगड्यांच्या रात्री अबोली पुढे असते. त्याचे कारण व्यवहारातले आहे. जाई सकाळी माळली तर दुपारपर्यंत मलूल होते, सुरंगी वर्षातून थोडेच दिवस मिळते. अबोली तोडल्यावरही दोन-तीन दिवस टवटवीत राहते, वजनाला नगण्य असते आणि जवळजवळ बारा महिने फुलते. वास हवा असेल तर फातीत मधे मधे मरवा किंवा जाईच्या कळ्या घालतात.

झाड तसे सोशिक, पण पाण्याच्या बाबतीत लहरी आहे आणि गोव्यातली बरीचशी अबोली याच एका कारणाने मरते. तिला मुळाशी सतत ओल हवी असते. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी पाने लोंबकळतात. मात्र तीच मुळे साचलेल्या पाण्यात चार-पाच दिवस राहिली की कुजू लागतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजे आठ महिने घागर घेऊन झाडामागे धावायचे आणि चार महिने त्याला पाण्यापासून वाचवायचे. फसवणूक अशी की मुळे कुजलेले झाडही पाने लोंबकळवते, अगदी तहानलेल्या झाडासारखी. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलेले काम पुरे करतो. पाने मलूल दिसली की आधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. माती ओली असताना झाड सुकत असेल तर पाणी तोडायचे.

जागेची निवड इथूनच ठरते. जांभ्या दगडाची तांबडी, थोडी आम्लधर्मी माती अबोलीला मानवते, कारण तिला लोह लागते आणि आम्लधर्मी मातीतून ते सहज मिळते. नुसता जांभा मात्र पातळ आणि भुकेला असतो. त्यात कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे लागते. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीच्या, कडेची खारट माती आणि भातशेतीची चिकण माती दोन्ही टाळाव्यात. अंगणातल्या सपाट जमिनीत खड्डा करून लावण्यापेक्षा वीतभर उंच वाफा करून त्यावर लावलेली अबोली पावसाळा हमखास काढते. छपराच्या पागोळ्या पडतात त्या रेषेत तर कधीच लावू नये. पागोळ्यांनी माती वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात. कुंडीत लावताना तळाशी सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, तुकडे घालतात. पाण्याचा निचरा होतो आणि उन्हाळ्यात तेच सोडण थोडी ओल धरून ठेवते.

एक जुनी सवय सोडलेली बरी. न्हाणीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून तिच्या मोरीपाशी फुलझाडे लावायची पद्धत आहे. केळ आणि अळू तिथे माजतात. अबोलीची पाने मात्र शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा अशी होतात, कारण साबणाच्या पाण्याने माती अल्कधर्मी बनते आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चुलीतली राख चिमूटभर चालते, घमेलेभर टाकली तर परिणाम तोच.

ऊन सकाळचे चार-पाच तास मिळावे आणि दुपारची सावली असावी. पूर्ण सावलीत झाड हिरवेगार दिसते, वाढते, आणि फुलत नाही. माडांच्या बागेत कडेला पडणारे चाळणीतले ऊन तिला आवडते; पोफळीच्या दाट कुळागरात, म्हणजे बागायतीत, ती हिरमुसते. थंडी तिला सोसत नाही. तापमान 13 अंशांखाली रेंगाळू लागले की पाने गळतात, म्हणून थंड देशांत ती काचेआड ठेवायची कुंडीतली वनस्पती झाली. गोव्यातल्या हिवाळ्यात ही भीती नसते. उलट चवथ आटोपून पाऊस ओसरला की नवी पालवी फुटते आणि दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत तिचा खरा हंगाम असतो. ऐन पावसात कणसे धरतात, पण फुले भिजून चिकटतात आणि काळी पडतात.

रोपे दोन प्रकारे होतात. छाट लावणे सोपे. पाऊस नीट लागल्यावर, हवा दमट असताना, न फुललेल्या फांदीचा चार-पाच इंचांचा शेंडा घेऊन खालची पाने काढावीत आणि वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचावा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. बाजारात ‘दिल्ली’ नावाने मिळणारी गडद केशरी, भरपूर फुलणारी अबोली छाटानेच वाढवावी लागते. ती त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली आहे, त्यामुळे तिला बी धरत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ‘अर्का’ मालिकेतल्या काही अबोली जाती काढल्या आहेत आणि पिवळ्या फुलांची अबोलीही रोपवाटिकेत मिळते. घरच्यासाठी गावठी फिकट केशरी अबोली या सगळ्यांपेक्षा सरस आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत. फुले थोडी कमी येतात, पण अबोली रंग म्हणतात तो तिचाच, आणि ती आपणहून पसरते.

खताची तिची मागणी मोठी असते, कारण ती सतत फुलते. महिन्यातून एकदा मूठभर कुजलेले शेणखत किंवा शेणाची पातळ स्लरी पुरते. मुळे वरच्या थरात असल्याने खुरपे खोल घालू नये. वाळलेले कणीस झाडावर राहू दिले तर झाडाची ताकद बी भरण्यात जाते. बी नको असेल तेव्हा दांड्यासकट खुडावे. मेच्या अखेरीस एक तृतीयांश फांद्या कापल्या तर झुडूप गच्च राहते. न कापलेली अबोली दोन वर्षांत खाली उघडी आणि वर झुपकेदार अशी बेंगरूळ होते.

मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण अधूनमधून येतात आणि निंबोळी तेलाच्या फवाऱ्याने आटोक्यात राहतात. खरा शत्रू जमिनीत असतो. मुळांवर जगणारे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी, अबोलीला विशेष छळतात. त्यांनी केलेल्या जखमांतून फ्युजेरियम ही मर रोगाची बुरशी आत शिरते आणि भरात असलेले झाड आठवड्यात वाळते. वाळलेले झाड मुळासकट उपटून जाळावे आणि त्या जागी पुन्हा अबोली लावू नये. वाफ्यात निंबोळी पेंड मिसळणे आणि एक हंगाम झेंडू घेणे हे दोन्ही उपाय सूत्रकृमी कमी करतात. म्हणूनच विक्रीसाठी लागवड करणारे दोन-तीन वर्षांनी वाफा बदलतात.

रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिली फुले येतात. तोडणी दिवसाआड, पहाटे किंवा सकाळी लवकर करतात. कणीस न मोडता फुलाची नळी तळाशी चिमटीत धरून ओढली की ते अलगद सुटते. गुंफायला केळीच्या सोपटाचा ओला वाख उत्तम. सुती दोऱ्याने नळ्या कापल्या जातात. उरलेली फुले ओल्या फडक्यात, वर केळीचे पान झाकून ठेवतात. पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारांत कर्नाटकातूनही अबोली येते. ती स्वस्त पडते, पण वाटेत एक दिवस गेलेला असतो आणि तो नळीच्या टोकाशी तपकिरी दिसतो.

बियांची गोष्ट मुद्दाम मागे ठेवली. कणसावर ठेवलेली बोंडे उन्हाळ्यात वाळून कडक होतात आणि ओल लागताच फट्कन फुटून आतल्या चार बिया दूर उडवतात. मुले वाळलेले बोंड पाण्याच्या वाटीत टाकून ते केव्हा उडते याची वाट बघत बसतात. बी गोळा करायचे असेल तर कणसावर मलमलची पिशवी बांधावी, आणि ते त्याच वर्षी पेरावे, कारण जुने बी नीट रुजत नाही. गावठी अबोली असलेल्या घरी मात्र पेरायची वेळच येत नाही. मिरगाच्या पहिल्या सरींत झुडपाखालून तडतड ऐकू येते आणि पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या चिरांच्या फटींतसुद्धा रोपे उगवलेली दिसतात. सहा पाने झाली की ती मातीच्या गड्ड्यासह उचलून करवंटीत ठेवायची आणि शेजारी द्यायची.