मिठी: नदी, नाला की खाडी?

पावसाळ्याआधी मुंबई महापालिका गाळ काढण्याची आकडेवारी देते, तेव्हा तिच्यात मोठे नाले, छोटे नाले आणि मिठी अशी फोड असते. मिठीच्या नावापुढे ‘नदी’ लिहिलेले असते. काम मात्र पर्जन्य जलवाहिन्या खात्याचेच, निविदा नालेसफाईच्याच धाटणीच्या आणि मोजमाप मेट्रिक टनांत. माझ्या मते नदीला नाल्यासारखे वागवण्याच्या या सवयीने मिठीचे जेवढे नुकसान केले, तेवढे कुठल्याही एका भरावाने केलेले नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1845 मध्ये मुखाशी माहीमचा कॉजवे झाला. 1860 मध्ये विहार तलावाचा बांध पूर्ण झाला आणि उगमाचे पाणी शहराच्या नळांकडे वळले. पुढे पवईचा तलावही झाला. तेव्हापासून वरच्या अंगाला ही सांडव्यावर जगणारी नदी आहे. तलाव भरून वाहिले की तिला पूर येतो. एरवी पात्रात असते ते बहुतांश वस्त्यांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी. विमानतळाच्या धावपट्टीपाशी पात्र काटकोनात वळवले गेले. 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला पट्ट्यासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि भरती-ओहोटीची दलदल हळूहळू कार्यालयांची जमीन झाली. पुराचे पाणी काही तास थोपवून धरणारी ती जागा होती. 1993 च्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या आराखड्याने ताशी 25 मिलिमीटरऐवजी 50 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याची क्षमता मागितली, पण तो बरीच वर्षे कागदावर राहिला.

मग 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. एकाच शहराचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की उपनगर बुडत असताना दक्षिण मुंबईला त्याची कल्पना उशिरा का आली, ते कळते. कुर्ला, कलिना, साकीनाका, मरोळ इथल्या अनेकांना आपल्या भागातून नदी वाहते हे त्या रात्री कळले. तोवर तोंडात शब्द होता ‘नाला’.

हा शब्दांचा घोळ फक्त बोलण्यापुरता असता तर हरकत नव्हती. सरकारी कागदांत याच पाण्याची तीन नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे वेगळा कायदा, वेगळे खाते, वेगळी जबाबदारी येते. नदी म्हटली की पूररेषा आखण्याचा प्रश्न येतो: 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जागा नसते. नाला म्हटला की काठापासून ठरावीक मीटर सोडले, भिंत घातली आणि वर्षाला गाळ काढला, की काम झाले. खाडी म्हटली की किनारा नियमन क्षेत्राचे नियम आणि खारफुटीचे संरक्षण लागू होते. त्यातही 2019 च्या अधिसूचनेने खाडीकाठचा निर्बंधित पट्टा 100 मीटरवरून 50 मीटरवर आणला (खाडीची रुंदी त्याहून कमी असेल तर तेवढाच). 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या केंद्रीय यादीत पवई ते धारावी हा पट्टा सर्वांत वाईट गटात आहे. तिथे ती नदी आहे. गाळाच्या कंत्राटात ती नाल्यांच्या पंक्तीला बसते. माहीमला पोचली की खाडी. जिथे जे नाव सोयीचे, तिथे ते.

ऑगस्ट 2005 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली मिठीसाठी स्वतंत्र विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. घोळ तिथेच मिटायला हवा होता. पण कामाची वाटणी झाली ती अशी: वरचे 11.84 किलोमीटर महापालिकेकडे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील पुलापासून खालचे 6 किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए). पाणी या हद्दीपाशी थांबत नाही. वर पात्र रुंद केले आणि खाली भरतीने तोंड दाबले, तर पाणी मधल्या वस्तीतच शिरणार. पुढची काही वर्षे रुंदीकरण, खोलीकरण आणि संरक्षक भिंतींत गेली. भिंतींमुळे अतिक्रमण रोखले जाते, हा दावा काही ठिकाणी खरा आहे. पण भिंत उभी राहिली की काठ संपतो आणि नदीच्या व्याख्येतला मोठा भाग त्या काठातच असतो.

मे महिन्यात कुर्ल्याच्या पुलावर उभे राहिले की सगळे दिसते. पोकलेनचा लांब हात काळा लगदा उचलून काठावर ओततो. त्यात चिंध्या, थर्माकोल, नारळाची करवंटी, फुटक्या फरशीचे तुकडे. ढीग सुकायला ठेवतात, आणि डंपर यायच्या आत वळवाची सर आली तर त्यातला काही भाग पुन्हा पात्रात. किती टन निघाला, हे वजनकाट्याची पावती सांगते. पात्र किती खोल झाले, ते पावती सांगत नाही. मे 2025 मध्ये पोलिसांनी मिठीच्या गाळ काढण्यात सुमारे 65 कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा नोंदवला. गाळ टाकायला जागा दिल्याचे करारच बनावट होते, असा त्यातला एक आरोप आहे. तपास चालू आहे. नदीचे आरोग्य टनांत मोजायचे ठरवले, की कागदावर टन वाढवणे हाच धंदा होतो.

आता भर सांडपाणी अडवण्यावर आहे. बापट नाला आणि सफेद पूल नाल्याचे पाणी बोगद्यातून धारावीच्या प्रक्रिया केंद्राकडे नेण्याचे काम त्यातलेच आहे. भरतीचे पाणी आत शिरू नये म्हणून दरवाजे आणि पंपांचीही योजना आहे. हे उपाय वीस वर्षांपूर्वी भिंतींच्या आधी यायला हवे होते. सांडपाणी थांबले तर पावसाळ्याव्यतिरिक्त पात्रात काय वाहणार, या प्रश्नाचे उत्तर विहार-पवईच्या पाण्याशी बांधलेले आहे आणि त्यावर अजून कुणी बोलत नाही.

19 ऑगस्ट 2025 ला मिठीची पातळी 3.9 मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातून साडेतीनशेच्या आसपास माणसे हलवावी लागली. तिथल्या लोकांना धोक्याचा भोंगा लागत नाही. पाणी पायरीच्या कितव्या विटेला टेकले, ते पाहून बायका आधी रेशनकार्ड आणि पोरांची दप्तरे माळ्यावर टाकतात.