दणकटपणा (आइस हॉकी)

आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने न डगमगता पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबराची चकती) ताब्यात ठेवणे, गोलजाळ्यासमोरची मोक्याची जागा अडवून धरणे आणि आपल्या सहकाऱ्यावर कोणी धसमुसळेपणे धावून आले तर त्याला तिथल्या तिथे जाब विचारणे, या तिन्हींतून संघाची जी ताकद उभी राहते तिला दणकटपणा म्हटले जाते. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) संघ कसा बांधावा, कोणता खेळाडू देऊन कोणता घ्यावा आणि कोवळ्या वयाच्या खेळाडूंना किती थांबू द्यावे, या चर्चा फिरून फिरून याच मुद्द्याशी येतात. भारतात हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते, आणि तिच्यात अंगाने धक्का मारणे हा नियमभंग असतो. आइस हॉकीत मात्र ज्याच्याकडे पक आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक देऊन पक सोडायला लावणे नियमाला धरून आहे. खेळाडू स्केट्सवर भरधाव असतात आणि रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, चारही बाजूंना फळ्या असतात, त्यामुळे ही धडक किती जोराची असते हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

एनएचएलची स्थापना १९१७ मध्ये झाली आणि १९२२ मध्ये मारामारीसंबंधीचा नियम आला. या नियमाने हातघाईवर येणाऱ्याला सामन्यातून काढून टाकण्याऐवजी पाच मिनिटे बाहेर बसवण्याची शिक्षा ठेवली. दोन खेळाडूंनी मारामारीसाठी हातमोजे टाकले की दोघेही पाच-पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये जातात आणि बर्फावर दोन्ही संघांचे बळ सारखेच राहते. संघाला मारामारीची किंमत जवळजवळ मोजावीच लागत नाही, आणि एन्फोर्सर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाडूचा जन्म या व्यवस्थेतूनच झाला. गोल करणे हे त्याचे काम नसते. संघातील गुणी खेळाडूला कोणी हात लावू नये एवढी जरब त्याने बसवायची असते. १९९२-९३ च्या हंगामात मारामारी उकरून काढणाऱ्याला दोन मिनिटांची वाढीव शिक्षा आणि सामन्याबाहेर काढणे असा नियम झाला. ही दोन मिनिटे संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते, त्यामुळे सूड घेण्याची किंमत एकदम वाढली. या नियमामुळेच भ्याड वार करणाऱ्यांना मोकळे रान मिळाले, असे मानणारे प्रेक्षक आजही पुष्कळ आहेत.

दणकटपणावर उभ्या राहिलेल्या संघांत फिलाडेल्फिया फ्लायर्सचे नाव पहिले घ्यावे लागते. १९६८ आणि १९६९ या लागोपाठच्या वर्षी सेंट लुइस ब्लूजच्या थोराड खेळाडूंनी फ्लायर्सला बाद फेरीत दाबून टाकले, तेव्हा आपला संघ पुन्हा कधी मार खाऊन हरणार नाही, असा मालक एड स्नायडर यांनी निश्चय केला. पुढे ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ या नावाने दरारा बसवलेल्या या संघाने १९७४ आणि १९७५ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला. त्यातील डेव्ह शुल्ट्झ १९७४-७५ च्या एकाच हंगामात ४७२ मिनिटे पेनल्टीत बसला आणि हा विक्रम अजून मोडलेला नाही. मात्र या संघाची आठवण काढताना लोक शुल्ट्झचे ठोसे आठवतात आणि कर्णधार बॉबी क्लार्कचे पासिंग व बर्नी पॅरंटचे गोलरक्षण विसरतात. १९७६ च्या अंतिम फेरीत मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने फ्लायर्सला सलग चार सामन्यांत हरवले. त्या मालिकेत बचावपटू लॅरी रॉबिन्सनने गॅरी डॉर्नहोफरला अशी धडक दिली की रिंकची फळीच आत गेली आणि ती सरळ करीपर्यंत खेळ थांबवावा लागला. रॉबिन्सन हा त्या काळातील सर्वोत्कृष्ट बचावपटूंपैकी एक होता, आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटे बर्फावर ठेवताना प्रशिक्षकाला कधी विचार करावा लागत नसे. दणकटपणाचा हा प्रकार फ्लायर्सच्या प्रकारापेक्षा वरचढ होता, हे त्या चार सामन्यांत दिसून आले.

अंगरक्षकाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला वेन ग्रेट्झ्कीचा आहे. एडमंटन ऑयलर्समध्ये डेव्ह सेमेंको आणि त्यानंतर मार्टी मॅक्सॉर्ली त्याची पाठराखण करीत. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ग्रेट्झ्कीचा लॉस एंजेलिस किंग्जशी ट्रेड (संघांमधील खेळाडूंची अदलाबदल) झाला तेव्हा मॅक्सॉर्लीही सोबत आला पाहिजे, असा आग्रह खुद्द ग्रेट्झ्कीनेच धरला होता. जगातल्या सर्वांत गुणी खेळाडूला ज्याची गरज वाटली ती गोष्ट निरुपयोगी कशी म्हणायची, हा युक्तिवाद सहज मोडीत काढता येत नाही. एवढे मात्र लक्षात घ्यावे लागते की मॅक्सॉर्ली बचाव आणि आघाडी या दोन्ही जागी खेळू शकणारा उपयुक्त खेळाडू होता.

केवळ मारामारीसाठी ठेवलेल्या खेळाडूंना या कामाची जी किंमत द्यावी लागली, ती २०११ मध्ये सर्वांसमोर आली. मे ते ऑगस्ट या काळात डेरेक बोगार्ड, रिक रिपियन आणि वेड बेलाक हे तीन लढवय्ये खेळाडू मरण पावले. बोगार्ड अवघा २८ वर्षांचा होता. डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा सीटीई हा मेंदूचा विकार त्याच्या मेंदूच्या तपासणीत आढळला. एनएचएलमधील २७७ सामन्यांत त्याने फक्त तीन गोल केले होते, आणि त्याच्या मृत्यूच्या आदल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी चार वर्षांसाठी ६५ लाख डॉलरचा करार केला होता. दणकटपणाची मागणी करणाऱ्या प्रत्येक प्रेक्षकाने हे प्रकरण माहीत करून घेतले पाहिजे, कारण ती मागणी अखेर कोणाच्या तरी डोक्यावर पडते.

दणकटपणाचा हिशेब बदलण्यामागे पैशाचेही कारण आहे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीत वाया गेल्यावर लीगने संघाच्या एकूण पगारखर्चावर वेतनमर्यादा आणली. पहिल्या वर्षी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा होती. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख होती. दरवर्षी उन्हाळ्यात होणाऱ्या सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून अठरा वर्षांचे खेळाडू निवडले जातात आणि त्यांच्या पहिल्या तीन वर्षांच्या कराराच्या वेतनावर लीगचेच बंधन असते. त्यामुळे जम बसलेला तरुण खेळाडू हा संघाकडे असलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा ऐवज ठरतो. सामन्यात १८ खेळाडू आणि २ गोलरक्षक एवढ्यांनाच उतरवता येते, म्हणून पाच-सहा मिनिटांपलीकडे बर्फावर ठेवता येत नाही अशा माणसासाठी एक जागा अडवणे फार महाग पडू लागले.

तरुण गुणवत्ता देऊन अंगापिंडाने भक्कम माणूस घेण्याचा मोह किती महागात पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण २० मार्च १९९६ चे आहे. पिट्सबर्ग पेंग्विन्सने त्या दिवशी मार्कस नासलंड हा २२ वर्षांचा चपळ स्वीडिश खेळाडू व्हँकुव्हर कॅनक्सला दिला आणि बदल्यात अ‍ॅलेक स्टोयानोव हा धिप्पाड फॉरवर्ड घेतला. दोघेही १९९१ च्या एकाच ड्राफ्टमधले होते, स्टोयानोव सातवा आणि नासलंड सोळावा. स्टोयानोवने पूर्ण एनएचएल कारकिर्दीत दोन गोल केले, तर नासलंडने ३९५ गोल केले आणि तो व्हँकुव्हरचा कर्णधार झाला. त्याच्या दहा वर्षे आधी हेच व्हँकुव्हर उलट बाजूला होते. त्यांनी कॅम नीली हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील एक निवड (खेळाडू निवडण्याचा हक्क) देऊन बॉस्टन ब्रुइन्सकडून बॅरी पेडरसनला आणले. नीली धडक देऊ शके, मारामारी करू शके आणि एका हंगामात पन्नास गोलही करू शके. दणकट आणि गुणी असा दुर्मीळ खेळाडू हातात असताना त्याला वाढायला वेळ न देणे, ही चूक स्टोयानोवच्या ट्रेडपेक्षाही मोठी मानावी लागेल.

या साऱ्या वादाचे धागेदोरे एकाच संघात पाहायचे असतील तर न्यूयॉर्क रेंजर्सकडे वळावे. १९४० नंतर ५४ वर्षे स्टॅनली कपपासून वंचित राहिलेल्या या संघाने मार्च १९९४ मध्ये ट्रेडची मुदत संपता संपता टोनी अमोन्टी हा उमदा गोल करणारा खेळाडू शिकागोला देऊन स्टेफान माटो आणि ब्रायन नूनन यांना घेतले, तर वेगवान टॉड मर्चंट एडमंटनला देऊन ३५ वर्षांच्या क्रेग मॅक्टॅविशला आणले. अमोन्टीने नंतर कारकिर्दीत ४१६ गोलांपर्यंत मजल मारली आणि मर्चंट हजाराहून अधिक सामने खेळला. पण २७ मे १९९४ रोजी न्यू जर्सीविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा वेळेत गोलजाळ्याला वळसा घालून माटोनेच पक आत ढकलला, आणि १४ जून रोजी व्हँकुव्हरविरुद्ध अंतिम सामन्यात १.६ सेकंद उरलेले असताना शेवटच्या फेसऑफला (दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ सुरू करताना) मॅक्टॅविशलाच उभे केले गेले. ज्यांनी ५४ वर्षे वाट पाहिली त्यांना हे सौदे चुकीचे होते असे सांगण्यात अर्थ नाही. ते बरोबरच होते. खरे नुकसान झाले ते त्या यशातून काढलेल्या अर्थाने. कप जिंकलेल्या १९९३-९४ च्या हंगामात संघात सर्वाधिक गुण (गोल आणि गोलसाहाय्य यांची बेरीज) मिळवणारा बचावपटू सर्गेई झुबोव अजून पंचविशीतच असताना ऑगस्ट १९९५ मध्ये पिट्सबर्गला देण्यात आला. त्या सौद्यात लूक रोबिताय आणि कडव्या खेळासाठी प्रसिद्ध असलेला उल्फ सॅम्युएलसन हे दोघे आले. झुबोवची पुढे हॉकी हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, आणि रेंजर्स १९९८ ते २००४ असे सलग सात हंगाम बाद फेरीपर्यंतही पोहोचले नाहीत.

दुसरा प्रसंग २०२१ चा. ३ मे रोजी वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या टॉम विल्सनने आधी रेंजर्सचा पावेल बुखनेविच बर्फावर पालथा पडलेला असताना त्याला ठोसा मारला आणि त्यानंतरच्या झटापटीत त्याचा सहकारी आर्तेमी पनारिनला खाली आपटले. विल्सनला फक्त पाच हजार डॉलरचा दंड झाला. रेंजर्सने जाहीर पत्रक काढून लीगच्या शिस्तविभागावर टीका केली, तेव्हा संघालाच अडीच लाख डॉलरचा दंड बसला. ५ मे रोजी अध्यक्ष जॉन डेव्हिडसन आणि महाव्यवस्थापक जेफ गॉर्टन यांना दूर केले गेले, आणि त्याच रात्री पुढच्या सामन्यात पक पडताच तीन जोड्यांनी एकदम हातमोजे टाकले. पहिल्या पाच मिनिटांत सहा मारामाऱ्या झाल्या. सामना मात्र कॅपिटल्सने ४-२ असा जिंकला. वडिलांच्या निधनाचे दुःख ताजे असलेल्या टी. जे. ओशीने त्या रात्री तीन गोल केले.

नवे महाव्यवस्थापक क्रिस ड्रुरी यांनी त्या उन्हाळ्यात रायन रीव्ह्ज आणि बार्कली गुड्रो यांना आणले, आणि बुखनेविच सेंट लुइसला देऊन सॅमी ब्ले व दुसऱ्या फेरीतील एक निवड घेतली. बुखनेविचचा करार संपत आला होता आणि वेतनमर्यादेत जागा करणे भाग होते, हे रेंजर्सच्या बाजूने मान्य केले पाहिजे. तरीही हा व्यवहार रागाच्या भरात झाल्यासारखाच दिसतो. बुखनेविचने सेंट लुइसमध्ये पहिल्याच हंगामात ३० गोल आणि ७६ गुण नोंदवले. ब्लेला गुडघ्याची गंभीर दुखापत झाली, रेंजर्सकडून ५४ सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो दुसऱ्या एका ट्रेडमधून पुन्हा सेंट लुइसलाच गेला.

याच काळात रेंजर्सकडे ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या तरुणांची रांग लागली होती. २०१७ चा सातवा लिआस अँडरसन, २०१८ चा नववा विताली क्राव्ह्त्सोव आणि २०१९ चा दुसरा कापो काको हे तिघेही एकेक करून इतरत्र गेले. २०२० मध्ये पहिला निवडला गेलेला अलेक्सी लाफ्रेनिएर टिकला, पण बड्या खेळाडूंच्या मागे त्याला पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) फारशी संधी मिळत नव्हती. कोवळ्या खेळाडूला चौथ्या फळीत (आलटून पालटून उतरणाऱ्या आघाडीच्या गटांपैकी शेवटच्या) दहा मिनिटे खेळवायचे आणि मग तो अंगाने कमी पडतो म्हणून नावे ठेवायची, ही रेंजर्सची खोड जुनी आहे. १९९८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेल्या, वडिलांकडून भारतीय वंशाच्या मॅनी मल्होत्राचेही तेच झाले. मार्च २००२ मध्ये डॅलसला दिल्यानंतर त्याने बचावात्मक सेंटर (आघाडीच्या फळीतील मधला खेळाडू) म्हणून नाव कमावले आणि एकूण ९९१ सामने खेळला. एनएचएलमधील भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा याच्या वाट्याला तर ६१ सामनेच आले; कनिष्ठ स्तरावर गोलांचा धडाका लावणाऱ्या या पंजाबी कॅनेडियन खेळाडूकडून वरच्या स्तरावर मुख्यतः धक्काबुक्कीचीच अपेक्षा ठेवली गेली.

लाफ्रेनिएरच्याच ड्राफ्टमधील सहाव्या फेरीत निवडलेला मॅट रेम्पी हा साडेसहा फुटांहून उंच खेळाडू १८ फेब्रुवारी २०२४ रोजी पदार्पणाला उतरला आणि पहिल्या काही सेकंदांतच मॅट मार्टिनशी भिडला. ३ एप्रिलला न्यू जर्सीविरुद्ध तो उतरला तेव्हा पक पडताच दोन्ही बाजूंचे पाचही खेळाडू एकमेकांवर तुटून पडले आणि आठ जणांना बाहेर काढावे लागले. रेंजर्सचे घरचे रिंक असलेल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रेक्षक त्याच्यावर मनापासून प्रेम करतात, आणि हे प्रेम खोटे नाही. मात्र कोपर मारल्याबद्दल आधी चार आणि पुढे आठ सामन्यांची बंदी त्याच्यावर आली. त्याला उत्तम स्केटिंग शिकवून दहा मिनिटांचा भरवशाचा खेळाडू करणे हेच संघाच्या आणि त्याच्या डोक्याच्याही हिताचे आहे.

दणकटपणा विकत घेता येतो का, या प्रश्नाला टॅम्पा बे लायटनिंगने होकारार्थी उत्तर दिले. २०१९ मध्ये ६२ सामने जिंकूनही पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असे हरल्यावर त्यांनी पॅट मरून, ब्लेक कोलमन आणि तोच बार्कली गुड्रो यांना आणले, आणि २०२० व २०२१ असे दोन कप जिंकले. त्यासाठी त्यांनी पहिल्या फेरीतील निवडी आणि नोलन फूटसारखा होतकरू खेळाडू खर्च केला, पण निकिता कुचेरोव, ब्रेडन पॉइंट आणि व्हिक्टर हेडमन या स्वतः घडवलेल्या खेळाडूंना हात लावला नाही. फ्लोरिडा पँथर्सने २०२४ आणि २०२५ मध्ये कप जिंकताना हेच सूत्र पुढे नेले. कॅलगरीत रुळू न शकलेला २०१४ च्या ड्राफ्टमधील चौथा सॅम बेनेट त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या फेरीतील एक निवड आणि एमिल हाइनेमन यांच्या बदल्यात घेतला, त्याला दुसऱ्या फळीचा सेंटर केला, आणि २०२५ च्या बाद फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक त्यालाच मिळाला.